दिवाळीची सुट्टी आणि चुझेन्जीचे रंग

इंग्रजीतील ‘ऑटम’ या शब्दाला मराठीत ‘शरद’ हा प्रतिशब्द इतका रुळला आहे की, पानांचे रंग पाहण्यासाठी निघणाऱ्या परदेशी सहलींना बिनदिक्कत ‘शरदसहल’ म्हटले जाते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वास्तविक भारतीय ऋतुचक्रातला शरद म्हणजे आश्विन-कार्तिक, पाऊस सरल्यावर निवळलेले पाणी, धुऊन निघालेले आकाश आणि कोजागरीचे चांदणे. पानगळ हा माघ-फाल्गुनातल्या शिशिराचा विषय आहे. शिवाय इथली पानगळ आणि समशीतोष्ण प्रदेशातली पानगळ यांचे कारणही एक नाही. सह्याद्रीतील पानझडी झाडे जमिनीतली ओल आटत चालली की पाणी वाचवण्यासाठी पाने टाकतात, तर उत्तरेकडची झाडे दिवस लहान होऊ लागले आणि रात्री गारठू लागल्या की पुढच्या गोठवणाऱ्या महिन्यांची तयारी म्हणून पाने उतरवतात. आणि सह्याद्रीत जो लाल रंग नजरेत भरतो तो बहुधा जाणाऱ्या पानाचा नसून येणाऱ्या पानाचा असतो, जसा फाल्गुन-चैत्रात कुसुंबाला फुटणाऱ्या पालवीचा. ऑक्टोबरात लाल झालेला डोंगर ही मराठी माणसाच्या ऋतुस्मृतीतली गोष्ट नव्हे, आणि म्हणूनच ती पाहायला जाण्याचा बेत आखताना तो नेमका चुकीच्या ठिकाणापासून, म्हणजे तारखेपासून, सुरुवात करतो.

या बेताचे उदाहरण म्हणून जपानमधील निक्को आणि त्याच्या माथ्यावरचे चुझेन्जी सरोवर घेणे सोयीचे आहे, कारण तेथे रंगांचा हिशेब जितका स्पष्ट मांडता येतो तितका फार थोड्या ठिकाणी येतो. तोक्योच्या उत्तरेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर असलेले हे गाव साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेले असून सरोवर १,२६९ मीटरवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरहून किंचित कमी उंचीवर आहे. सरोवराच्या पलीकडे सेन्जोगाहारा हा सुमारे १,४०० मीटर उंचीवरचा पाणथळ माळ आहे आणि त्याच्याही पुढे १,४७८ मीटरवर युनोको नावाचे धाकटे तळे व युमोतो हे गंधकयुक्त गरम झऱ्यांचे गाव आहे. एका दिवसाच्या बसप्रवासात नऊशे मीटरची चढण पार होते, आणि पानांच्या दृष्टीने या नऊशे मीटरांचा अर्थ पाच-सहा आठवडे असा आहे.

पाने बदलण्याच्या या घटनेला जपानी भाषेत ‘कोयो’ म्हणतात. ज्या दोन चिन्हांनी हा शब्द लिहिला जातो त्यांचा अर्थ ‘लाल पाने’ असा असून तीच चिन्हे ‘मोमिजी’ अशीही वाचली जातात, आणि मोमिजी हे पुढे मॅपलच्या झाडाचेच नाव होऊन बसले. पाने पाहायला जाण्यासाठी मात्र ‘मोमिजीगारी’ असा वेगळा शब्द आहे, आणि त्यातील ‘गारी’चा मूळ अर्थ शिकार असा आहे. चेरीची फुले पाहण्याला जपानी माणूस ‘हानामी’ म्हणजे पुष्पदर्शन म्हणतो, पौर्णिमेचा चंद्र पाहण्याला ‘त्सुकिमी’ म्हणजे चंद्रदर्शन म्हणतो. फुले आणि चंद्र पाहायचे, पण पानांची शिकार करायची, हा भेद उगाच पडला नसावा, कारण चंद्र अंगणात येतो आणि पानांच्या मागे डोंगर चढून जावे लागते. ‘मोमिजीगारी’ याच नावाचे एक जुने नो नाटक आहे, म्हणजे मुखवटे घालून संथ लयीत सादर होणारे अभिजात नाट्य. त्यात डोंगरात पाने पाहण्याची मेजवानी मांडून बसलेली कुलीन स्त्री अखेर राक्षसी निघते. त्याच्या काबुकी रूपांतराचे १८९९ मध्ये केलेले चित्रीकरण जपानच्या आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रपटांपैकी एक असून २००९ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या सांस्कृतिक ठेव्याचा दर्जा मिळाला. थोडक्यात, जपानी चित्रपटाच्या उगमापाशीही पाने पाहायची सहल आहे, आणि तीही फसलेली.

रंगांचे शास्त्र समजून घेतल्याखेरीज सहलीचे गणित सुटत नाही. पानातील हरितद्रव्य उन्हाने सतत मोडत असते आणि झाड ते सतत नव्याने घडवत असते. थंडीची चाहूल लागताच ही घडवणूक थांबते, हिरवा रंग ओसरतो आणि पानात आधीपासूनच असलेली, पण हिरव्याखाली झाकलेली कॅरोटिनॉइड नावाची पिवळी द्रव्ये उघडी पडतात. पिवळा रंग हा असा केवळ उरलेला रंग असतो. लाल रंगाची गोष्ट निराळी आहे. देठाच्या बुडाशी बुचासारख्या पेशींचा एक थर तयार होऊ लागतो, पानातील साखर फांदीकडे परतण्याची वाट अरुंद होते, आणि अडकलेल्या या साखरेपासून उन्हाच्या साहाय्याने झाड अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य नव्याने बनवते. त्यामुळे लख्ख दिवस आणि गार रात्री यांची जोड लागली तर लाल रंग पेटतो, ढगाळ दिवस आणि कोमट रात्री आल्या तर पाने तांबूस-तपकिरी होऊन गळतात, आणि सप्टेंबरात एखादे चक्रीवादळ डोंगराला झोडपून गेले तर रंगायला पानेच पुरेशी उरत नाहीत.

जपानात यासाठी एक ढोबळ आडाखा वापरतात: दिवसाचे किमान तापमान आठ अंशांच्या खाली येऊ लागले की पाने बदलू लागतात आणि ते पाचाच्या आसपास पोहोचले की बदल वेगाने होतो. याला दुसरा आडाखा जोडावा लागतो, तो असा की दर शंभर मीटर चढणीला हवा सरासरी सहा दशांश अंशाने गार होते. ज्या रात्री निक्को गावात पारा नऊवर असतो त्याच रात्री युमोतोत तो चाराच्या आतबाहेर असू शकतो, असे हे गणित सांगते. म्हणून कोयो तेथे पसरत नाही, ती उतरते. सप्टेंबर संपता संपता सेन्जोगाहारावरचे गवत तांबूस-सोनेरी होते, ज्याला ‘कुसा-मोमिजी’ म्हणजे गवताची मोमिजी असे स्वतंत्र नाव आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात युमोतो आणि रियूझू धबधब्याचा परिसर रंगतो. महिन्याच्या मध्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत चुझेन्जीचा काठ. त्यानंतर सरोवरातून गावाकडे उतरणारा घाट. आणि नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात खाली देवळांभोवतीचे मॅपल. तोक्योच्या बागा लाल होईतो नोव्हेंबर सरत आलेला असतो. अलीकडे हे वेळापत्रकही पुढे सरकते आहे, कारण जपानच्या हवामान संस्थेने १९५३ पासून ठेवलेल्या नोंदींत मॅपलची पाने रंगण्याचा दिवस दशकागणिक उशिरा येत असल्याचे दिसते.

आता मराठी प्रवाशाची अडचण लक्षात येईल. त्याची रजा दिवाळीला बांधलेली असते, मुलांच्या शाळा दिवाळीतच बंद असतात, आणि दिवाळी ही चंद्राच्या तिथीवर चालत असल्याने ती दर वर्षी दहा-बारा दिवसांनी अलीकडे येत जाते व अधिक मास आला की एकदम पुढे उडी घेते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये ते २१ ऑक्टोबरला आले, अधिक ज्येष्ठामुळे २०२६ मध्ये ते ८ नोव्हेंबरला आहे, २०२७ मध्ये २९ ऑक्टोबरला, आणि २०२८ मध्ये थेट १७ ऑक्टोबरला. पाने चंद्राला जुमानत नाहीत. त्यामुळे ‘दिवाळीत जपानला जाऊन चुझेन्जीची पाने पाहू’ हे वाक्य एखाद्या वर्षी अचूक ठरते आणि पुढच्याच वर्षी निष्पर्ण फांद्यांपुढे उभे करते. प्रवाशाला तारीख निवडता येत नसेल, तर त्याने उंची निवडावी, एवढा साधा उपाय यावर आहे. पण सहल ठरवताना बहुतेक माणसे सरोवराचे छायाचित्र पाहून ठिकाण आधी पक्के करतात, आणि मग ज्या मोसमात ते छायाचित्र काढले गेले त्याची विचारपूस करायची राहून जाते.

लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला येते त्या वर्षी मुक्काम सरोवराच्या काठी किंवा त्याच्याही वर करावा. रियूझू म्हणजे ‘ड्रॅगनचे मस्तक’. तळाशी एका मोठ्या खडकामुळे दोन धारांत फुटणारा हा धबधबा सेन्जोगाहारावरून येणारे पाणी सरोवरात सोडतो, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाने काठच्या झाडांच्या आधी रंगतात. रियूझूपासून वर युमोतोपर्यंत पाणथळ माळातून लाकडी फळ्यांची पायवाट गेली आहे, तिच्यावरून दोन-तीन तासांत निवांत चालता येते, आणि वाटेत घंटा वाजवत जाणारे पदयात्री भेटले तर ती अस्वलाला दिलेली आगाऊ सूचना आहे हे ओळखावे. हा माळ २००५ पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे. त्याच्या नावाचा अर्थ ‘रणांगण’ असा आहे, कारण चुझेन्जी सरोवराच्या मालकीवरून नानताई आणि आकागी या दोन पर्वतांच्या देवता सर्प आणि गोम यांची रूपे घेऊन येथे लढल्या अशी दंतकथा आहे.

लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या अखेरीस आले तर काठावरचा बहर ओसरत असतो, पण दोन गोष्टी हाताशी उरतात. एक म्हणजे लार्च. सुचिपर्णी वृक्ष सदाहरित असतात असे शालेय पुस्तकात शिकलेल्याला हा वृक्ष बुचकळ्यात टाकतो, कारण त्याच्या सुया आधी सोनेरी होतात आणि मग पानांसारख्या गळतात. सेन्जोगाहाराच्या कडेला तो मॅपलच्या नंतर रंगतो. दुसरी म्हणजे घाट, ज्याचे नाव इरोहाझाका.

या घाटाच्या नावात एक गंमत आहे. ‘इ-रो-हा’ ही जपानी अक्षरमालेची जुनी क्रमवारी, आपल्या अ-आ-इ-ई सारखी; तिच्यात ४८ अक्षरे धरतात आणि घाटाला वळणेही ४८ आहेत, म्हणून प्रत्येक वळणावर एकेक अक्षराची पाटी लावलेली आहे. मॅपलच्या ज्या जातीसाठी लोक इथवर येतात तिचेही नाव इरोहा-मोमिजी, कारण तिच्या पानाच्या पाकळ्या ‘इ, रो, हा’ अशी अक्षरे म्हणत मोजल्या जात. घाट मात्र एक नसून दोन आहेत. जुना रस्ता केवळ उतरण्यासाठी असून त्यावर २८ वळणे आहेत, आणि १९६५ मध्ये खुला झालेला दुसरा केवळ चढण्यासाठी असून त्यावर २० वळणे आहेत. चढत्या रस्त्याच्या माथ्याजवळ आकेचिदायरा नावाचा सपाट टप्पा लागतो. तेथून तीन मिनिटांच्या रोपवेने वर गेल्यास सरोवर, त्यातून ९७ मीटर खाली कोसळणारा केगोन धबधबा आणि २,४८६ मीटरचा नानताई पर्वत एका दृष्टिक्षेपात मावतात. हा टप्पा फक्त चढत्या रस्त्यावर आहे, उतरणारी बस तिकडून जात नाही. ‘येताना पाहू’ म्हणून जो पुढे जातो त्याचे तेवढे राहून जाते.

घाटाच्या पायथ्याचे नाव उमागाएशी, अर्थात ‘घोडा परत’. आठव्या शतकात शोदो नावाच्या भिक्षूने ७८२ मध्ये नानताई सर केला आणि सरोवराकाठी मंदिर स्थापले, तेव्हापासून वरचा प्रदेश पवित्र मानला गेला. घोडे आणि बैल पायथ्याशीच सोडावे लागत, आणि स्त्रियांना तर १८७२ पर्यंत वर प्रवेशच नव्हता, त्यांना वाटेतल्या एका मठीतूनच पर्वताला हात जोडून परतावे लागे. बंदी उठल्याला दीड शतक झाले आणि आज घाटात परत फिरण्याची वेळ आणतात त्या मोटारी. गावातून एरवी पाऊण तासात वर पोहोचणाऱ्या बसला ऑक्टोबरच्या उत्तरार्धातल्या शनिवार-रविवारी तीन-तीन तास आणि त्याहूनही अधिक लागतात. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार आणि ३ नोव्हेंबर या जपानातल्या सार्वजनिक सुट्ट्या. त्यांच्या आगेमागे तर जाऊच नये. कोंडी सकाळी चढणीला आणि दुपारी उतरणीला असते, तेव्हा एक दिवस आधी, आठवड्याच्या मधल्या वारी वर जाऊन रात्र सरोवराकाठी काढली आणि दुसऱ्या दिवशी सगळे चढत असताना आपण उतरलो, तर दोन एकेरी रस्त्यांच्या या रचनेचा पुरेपूर फायदा मिळतो.

आठ नोव्हेंबरसारख्या तारखेला सरोवराचा मोह सोडावा आणि गावातच राहावे, असे सरळ सांगणे भाग आहे. १६१७ मध्ये स्थापन झालेले, शोगुन (लष्करी शासक) तोकुगावा इयेयासूचे समाधिस्थान असलेले तोशोगू आणि त्याच्या शेजारची देवळे १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, आणि त्यांच्या काळ्या-सोनेरी शिखरांभोवती उंच सुरूसारख्या सदाहरित वृक्षांच्या हिरव्या पडद्यावर मॅपलचा लाल रंग अधिक खुलतो. वर सरोवराला जाऊन यायला हरकत नाही, पण तेथे तोवर हिवाळा उतरलेला असेल.

चुझेन्जी हे तसे पाहता डोंगराने घातलेल्या धरणाचे पाणी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी नानताईतून वाहिलेल्या लाव्हारसाने खालची दरी अडवली आणि पाणी साठले. काठाचा फेरा पंचवीस किलोमीटरांचा आणि सर्वांत खोल जागी पाणी १६३ मीटर. केगोनच्या उभ्या कड्यामुळे खालून मासे वर येऊ शकत नव्हते, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माणसांनी सोडेपर्यंत या एवढ्या पाण्यात मासाच नव्हता. मासे आले आणि त्यांच्या मागोमाग गळ घेऊन परदेशी राजदूत आले, कारण तोक्योचा उन्हाळा त्यांना सोसवत नसे. ब्रिटिश मुत्सद्दी अर्नेस्ट सॅटो याने १८९६ मध्ये येथे बांधलेला बंगला पुढे दूतावासाचा झाला, आणि १९२८ मध्ये वास्तुविशारद अँटोनिन रेमंड याने इटलीच्या दूतावासासाठी झाडाची साल नक्षीसारखी बसवून घर उभारले. दोन्ही आता सर्वांना खुली आहेत. काठावरून पाने पाहण्यापेक्षा या घरांच्या व्हरांड्यात बसून पाण्यापलीकडची पाने पाहणे अधिक शहाणपणाचे, कारण रंगांना अंतर मानवते. ज्यांना चालता येते त्यांनी हांगेत्सु म्हणजे ‘अर्धचंद्र’ पर्वताच्या सज्जावर जावे, जेथून हाच्चो-देजिमा हा सरोवरात जिभेसारखा शिरलेला भूभाग निळ्या पाण्यावर तांबड्या पट्ट्यासारखा दिसतो. छायाचित्रात प्रवाशाला मोहात पाडणारे दृश्य बहुधा हेच असते.

बाकीच्या तयारीत फारसे गूढ नाही. तोक्योच्या आसाकुसा स्थानकातून तोबू कंपनीची जलद गाडी दोन तासांच्या आत निक्कोला पोहोचवते. काठची निवासस्थाने महिनोन्‌महिने आधी भरतात. ऑक्टोबरच्या अखेरीस सूर्य पाचच्या आत मावळतो आणि डोंगराच्या सावलीत उजेड त्याही आधी जातो, तेव्हा ‘दुपारी जेवून निघू’ ही मराठी सवय येथे महागात पडते. रात्री पारा पाचाखाली जाऊ शकतो, म्हणून स्वेटरच्या वर वारा अडवणारे जाकीट हवे. शाकाहारी माणसाला निक्कोत ‘युबा’ सापडते, म्हणजे सोयाबीनचे दूध तापवल्यावर त्यावर धरणारी साय, जी भिक्षूंच्या स्वयंपाकातून आली. मात्र ती ज्या रश्शात शिजवतात त्यात अनेकदा सुक्या माशाचा अर्क असतो, हे आधी विचारून घ्यावे. क्योतोमध्ये ‘युबा’ लिहिताना दुसरे चिन्ह ‘पान’ हे वापरतात आणि निक्कोत ‘लाट’. पानांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावाने पान सोडून लाट पत्करावी, यात सरोवराचा मान राखला गेला असे म्हणता येईल.

इतके अंतर परवडत नसेल त्याला काश्मीर आहे, जेथे या ऋतूला ‘हरुद’ हे स्वतःचे नाव आहे आणि श्रीनगरचे चिनार ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेटलेले असतात. पण ते चिनार खोऱ्याच्या सपाट तळावर, जवळजवळ एकाच उंचीवर उभे आहेत. रंग तेथे एकदाच येतो आणि तो हुकला तर वर किंवा खाली सरकून पकडता येत नाही. निक्कोत ती मुभा आहे. सप्टेंबरपासून खासगी हवामान संस्था कोयोचे अंदाज प्रसिद्ध करू लागतात, तोवर विमानाची तिकिटे काढून झालेली असतात, तरीही मुक्काम एकच न ठेवता एक रात्र सरोवराकाठी आणि एक रात्र गावात अशी विभागणी केली असेल तर दोहोंपैकी एक नेम बहुधा लागतो, आणि ज्या वर्षी तोही चुकतो त्या वर्षी या दोन मुक्कामांच्या मधला घाट तरी रंगलेला असतो. मग उतरताना बसमध्ये खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर देता येत नाही, कारण २८ वळणांत दरी क्षणाक्षणाला बाजू बदलते.